झाडावरचा सौदा

आमचे जावई रामराव अकोल्याला कचेरीत कारकून आहेत. माणूस सरळ, पण दर दिवाळीला आले की पान लावता लावता एकच गोष्ट काढतात. "मामाजी, तुमी बारा वर्सं रुईच्या सट्ट्याच्या पेढीवर काढले. एखादी तरी युक्ती मले शिकवा ना." जावयाला नाही कसं म्हणावं? पण माझ्याकडे शिकवण्यासारखं जे काही आहे ते एका माळणीचं आहे, आणि त्यात माझी बाजू फारशी शोभेची नाही. म्हणून आजवर टाळत आलो. यंदा मात्र लिहूनच देतो. रामरावांनी वाचावं, आणि ही वही आपल्या सासूबाईंच्या, म्हणजे कौशल्येच्या, हाती देऊ नये. पाचशे रुपयांचा उल्लेख त्यांना झेपायचा नाही.

मी तेव्हा अमरावतीला होतो. मोठी लढाई संपून सहा-सात वर्षं झाली होती. बाळापूरच्या शाळेत दोन वर्षं मास्तरकी केली, हेडमास्तरांशी भांडलो, नोकरी सोडली आणि देवीदासजींच्या पेढीवर पत्रं लिहायला राहिलो. पेढी कापसाच्या बाजाराला लागून होती. पुढे ओटा, ओट्यावर गाद्या आणि तक्के. तिथं कापूस कोणी आणत नसे, तिथं नुसते कापसाचे भाव विकले जात. चैत्रात मिळायचा माल पौषातच घ्यायचा किंवा विकायचा, बोंड डोळ्यानं पाहायचंसुद्धा नाही. भाव चढेल असं वाटलं तर आज घेऊन ठेवा, ती तेजी. उतरेल असं वाटलं तर आज विकून ठेवा आणि मागून स्वस्तात घ्या, ती मंदी. आमच्या कापसाला मुंबईत 'उमरा' म्हणत, आमच्याच उमरावतीच्या नावानं. पण त्याचा भाव काय, हे आम्हाला दुपारी मुंबईची तार आल्यावर कळायचं.

मला या धंद्याचं खूळ लागलं होतं. रोजचा भाव वहीत उतरवायचा, मग चौकडीच्या कागदावर ठिपके द्यायचे, चढाला तांबडी पेन्सिल, उताराला निळी. गेल्या तीन हंगामांचे डोंगर आणि दऱ्या माझ्याकडे काढलेल्या होत्या. ओट्यावरचे लोक हसत. देवीदासजी तर म्हणायचे, "मास्तरजी, नक्शा तो बढिया है, कमाई का क्या हाल है?" कमाईचा हाल सांगण्याजोगा नव्हता. एकदा मिळायचं, दोनदा जायचं. पण मी शिकलेला माणूस, मला वाटायचं बाजारच कुठंतरी चुकतो आहे.

मनकर्णाबाई ओट्याच्या खाली भाजीची पाटी घेऊन बसायची. वय पंचेचाळिशीचं, आवाज खणखणीत, तराजू मात्र हलक्या हाताचा. वडाळीच्या तलावापलीकडे त्यांचा बगीचा होता. नवरा शालिकराम. हा गृहस्थ माणसांशी फारसा बोलत नसे, झाडांशी बोलायचा. त्यानं संत्र्याची एकशे ऐंशी कलमं लावली होती, सातवं वर्ष चाललं होतं, झाडं नुकती कुठं पैसा दाखवायला लागली होती. अडचण एकच होती. जमीन यांची, पण विहीर शेजारच्या पट्टीत, जानराव पाटलांची. दरसाल ठरलेली रक्कम देऊन हे लोक दिवसाआड मोट चालवत.

मनकर्णाबाईचा एक नेम होता. दिवस मावळायच्या आत पाटी रिकामी. चार आण्याची मेथी दोन आण्याला देईल, एक आण्याला देईल, पण घरी नेणार नाही. मी एकदा म्हटलं, उद्या भाव येईल की. ती म्हणाली, "मास्तर, भाजी अन् तोटा मुक्कामाले घरी नेऊ नये. रातभरात दोनी नासतेत." मी हसलो होतो. पुढं हे वाक्य वहीत तांबड्या पेन्सिलीनं लिहून ठेवायची वेळ आली.

तिला सट्ट्याची गोडी कशी लागली ते सांगतो. ओट्यावरचे सगळे लोक संध्याकाळी तिच्याकडूनच भाजी घेत. ज्याला त्या दिवशी मिळालं तो फुलकोबीचा गड्डा उचलायचा, भाव न विचारता. ज्याचं गेलं तो अंबाडी घ्यायचा, आणि तीही घासाघीस करून. तार काय आली हे तिला ओट्यावर न चढता समजायचं. एक दिवस तिनं माझ्या पिशवीत सांबाराची एक जुडी वर टाकली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, रामरावांना माहीत आहे, पण ही वही पुण्याच्या कोणाच्या हाती पडली तर असू द्या. मी म्हटलं, ही कशाची? म्हणाली, "एक जुडी, एक सवाल. तुमी वरती बसून काय करून राहिले, ते मले समजून सांगा."

दोन वर्षं हा व्यवहार चालला. रोज एक जुडी, रोज एक सवाल. वायदा म्हणजे काय, हे सांगायला मी तीन दिवस घेतले, उदाहरणं दिली, फळ्याची सवय होती म्हणून ओट्याच्या फरशीवर खडूनं आकृतीही काढली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हनजे बहारासारखंच की. फुलावर बहार विकतो ना आमी, तसं." आणि अगदी तसंच होतं. संत्र्याला फूल लागलं की व्यापारी बगीच्यात येतो, झाडं पाहतो, पुढं येणाऱ्या फळाचा भाव फुलावरच ठरवतो. फळ जास्त आलं तर त्याचं नशीब, कमी आलं तर त्याचं कपाळ. आमचा इतका अवघड विषय या बाईनं एका वाक्यात संपवला, तेव्हा मला कौतुकही वाटलं आणि थोडं झोंबलंही.

बायामाणसांनी ओट्यावर चढायची रीत नव्हती. ती खालून बोलायची, मी वरून चिठ्ठी लिहायचो, देवीदासजी सौदा लावायचे. पाच खंडी, कधी सात. सकाळी घेतलेलं संध्याकाळी मोकळं करायची, फार तर दुसऱ्या दिवशी. तोटा दिसला की थांबायचं नाव नाही. आणि तिची युक्ती अशी की सगळा ओटा फुलकोबी खायला लागला की ही विकायची, सगळा ओटा अंबाडीवर आला की ही घ्यायची. मी विचारलं, असं उलटं का? "मास्तर, समद्यायनं आधीच घेतलं असन, तर मंग घेनारा उरला कोन?" मोठमोठ्या पेढीवाल्यांना जे उमजत नाही ते हिनं भाजीच्या पाटीवरून काढलं होतं. वर्षअखेरीला तिच्या गाठीला साठ रुपये वर होते. माझ्या वहीचं वजन फक्त वाढलं होतं.

मग तो हंगाम आला. मार्गशीर्षात जानरावांनी शालिकरामला बोलावून सांगितलं की विहिरीची पट्टी विकायची आहे. धाकट्या भावाला धामणगावला दुकान घालून द्यायचं होतं. एका जिनवाल्याला ती विहीर हवी होती, सरकी काढायच्या त्याच्या कारखान्याला पाणी लागतं. तो हजार रुपये रोख मोजायला तयार होता. जानराव भला माणूस. म्हणाले, "तुमी इतके वर्सं पानी घेतलं, पहिला हक तुमचा. पाडव्यापर्यंत हजार आना, पट्टी तुमची. नाई जमलं तर मग माह्यावर राग नोका धरू." जिनवाला काही संत्र्याला पाणी देणार नव्हता. पाणी गेलं म्हणजे उन्हाळ्यात एकशे ऐंशी झाडं उभी वाळणार, हे सांगायला कोणी जोशी नको होता. मनकर्णाबाईच्या घरी सगळं मिळून सातशे होते. तीनशे कमी पडत होते.

पौषात भाव चढायला लागले. रोज दोन, रोज तीन. ओट्यावर बसायला जागा मिळेना. मीही तेजीत होतो, हे आधीच कबूल करतो. पेढीवर पाणी भरणारा नत्थुजीसुद्धा एका संध्याकाळी फुलकोबी घेऊन गेला. मनकर्णाबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खालून हाक मारली. "मास्तर, चैताचे धा खंडी विकून टाका. तीस रुपये उतरले की माही हीर झाली." हीर म्हणजे विहीर. दहा खंडी, खंडीमागं तीस, तीनशे. हिशेब चोख होता. अडचण अशी की हा सौदा त्याच दिवशी मोकळा करायचा नव्हता. पाडव्यापर्यंत, म्हणजे अडीच महिने, तो धरून ठेवायचा होता. असा सौदा तिनं आजवर केलाच नव्हता.

इथं मला थांबून सांगावं लागतं. वायद्याच्या धंद्यात दर पंधरवड्याला वलण असतं. तुम्ही विकलं आणि भाव चढला, तर तोवरचा फरक त्या दिवशी पेढीवर आणून टाकायचा. पुढं भाव उतरेल, तुमचंच खरं ठरेल, ते सगळं नंतर. आधी आजचे टाका, नाही टाकले तर सौदा तुटला. आम्हाला ते श्वास घेण्याइतकं ठाऊक. पण मनकर्णाबाई रोजचा सौदा रोज मिटवणारी, तिची वलणाशी कधी गाठच पडली नव्हती. आणि बहाराच्या धंद्यात वलण नसतं. एकदा इसार हातावर पडला की फळ तोडेपर्यंत कोणी कोणाच्या दारी जात नाही.

इसार म्हणून तिनं पंचवीस रुपये माझ्या हातात दिले आणि विचारलं, "बहारासारखंच ना, मास्तर? आता चैतापर्यंत कोनी काई मांगत नाई ना?"

मी "हूं" म्हणालो.

का म्हणालो? त्याच सकाळी देवीदासजी चार लोकांत म्हणाले होते की मास्तरजींच्या नकाशापेक्षा माळणीची पाटी बरी. सगळे हसले होते. ते माझ्या पोटात होतं. मनात म्हटलं, एवढी हुशार आहे तर कळेल तिला तिचं. मी काही खोटं बोललो नाही, नुसता हुंकार दिला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण मला लाज वाटते, ती आजही वाटते.

माघाचं पहिलं वलण आलं तेव्हा भाव आठ रुपये वर होता. देवीदासजींनी नत्थुजीला खाली पाठवलं, ऐंशी रुपये मागितले. मनकर्णाबाईला आधी ते कळेचना. "काहून? फय तं अजून झाडावर हाय." काहून म्हणजे का, फय म्हणजे फळ. मग देवीदासजी स्वतः ओट्याच्या कडेला आले आणि त्यांनी तिला वलण समजावलं, नीट, शांतपणे, जसं मी समजवायला पाहिजे होतं. ती माझ्याकडे पाहील म्हणून मी पत्रात डोकं घातलं. तिनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ऐंशी रुपये आणून दिले.

तिच्या नेमाप्रमाणे तिनं त्याच दिवशी सौदा मोकळा करायला हवा होता. तोटा मुक्कामाला घरी नेऊ नये म्हणणारी तीच. पण आता मधे विहीर होती. ती पंधरा दिवस थांबली. या पंधरा दिवसांत ती सकाळपासून बाजारात असायची, भाजी असो नसो. तार आली की नत्थुजीला विचारायची. भाजी तोलताना काटा कुठं आहे याकडे तिचं लक्ष नसायचं. एकदा माझ्या पिशवीत तिनं जुडी टाकली आणि सवाल विचारायला विसरली.

दुसऱ्या वलणाला भाव आणखी बारा रुपये चढला होता. एकशेवीस. तिनं पदराच्या गाठीतून काढून मोजून दिले आणि तिथंच ओट्याच्या पायरीला टेकून बसली. मी उतरून खाली गेलो. म्हटलं, मनकर्णाबाई, काय करता? ती म्हणाली, "घरच्यायले इचारलं. ते म्हनतेत, पाटी रिकामी कर. मास्तर, माहा नेम मीच मोडला. दोनशे गेले, इसार धरून पाचशे उरले. तेई गेले तं मी त्यायच्या झाडायपुढे कोनत्या तोंडानं उभी राहू?" तिनं पदराची गाठ पुन्हा बांधली. "लिहा चिठ्ठी. धा खंडी घेऊन टाका. रिकामं करा."

मी वर जाऊन चिठ्ठी लिहिली. आणि रामराव, त्याच घटकेला मी आणखी एक चिठ्ठी लिहिली, माझ्या नावाची. माझा सगळा तेजीचा माल विकून टाका. माझ्या वहीत उताराची काही खूण नव्हती, वही तर तांबडी लाल होती. पण मला आठवलं, सगळ्यांनी घेतलं तर घेणारा उरला कोण? मनकर्णाबाईसुद्धा घेते आहे, म्हणजे आता खरंच कोणी उरलं नाही. देवीदासजींनी माझ्या मालातलेच दहा खंडी तिच्या चिठ्ठीला लावले. तिनं जे महाग घेतलं ते मी विकलेलं होतं. माझ्या हाती पाचशे वीस रुपये आले. आयुष्यात इतके एकदम मी कधी पाहिले नव्हते.

नवव्या दिवशी विलायतेतल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराकडून मंदीची बातमी आली, आणि आठवडाभरात भाव पन्नास रुपये बसला. ओट्यावरच्या निम्म्या गाद्या उचलल्या गेल्या. मनकर्णाबाईचं गणित बरोबर होतं, पण नऊ दिवस आधी ती बाहेर पडली होती. त्या आठवड्यात तिच्याकडची अंबाडी दुपारीच संपायची. मला म्हणाली, "पाह्यलं ना मास्तर, उतरलं ते," आणि सुटे पैसे परत दिले.

पाडव्याला चार दिवस राहिले होते. मला जेवण जाईना. कौशल्येला वाटलं, पोट बिघडलं, तिनं ओव्याचा काढा दिला. तिसऱ्या दिवशी मी पाचशे रुपये रुमालात बांधले आणि पायी वडाळीपलीकडे गेलो. बगीचा मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळ्या जमिनीत रांगेनं झाडं, फुलं झडून गेलेली, आणि डहाळीडहाळीला वाटाण्याएवढी हिरवी फळं. शालिकराम एका झाडाखाली आळं करत होता. त्यानं मला हात जोडले आणि पुन्हा मातीत वाकला. मनकर्णाबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. मी रुमाल पुढं ठेवला.

"हे कोनाचे?"

मी सांगितलं. तुम्ही घेतलेला माल मी विकलेला होता, तुमच्याच बोलावरून, तेव्हा हे तुमचे. विहीर घ्या. वलणाचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

तिनं रुमाल उघडला नाही. शालिकरामच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सौदा म्हनजे सौदा, मास्तर. तुमी जितले ते तुमचे. फुकटचे मी घेत नाई, आमच्यात तसं घेत नाईत. पन व्यवहार करू. हा आंबिया बहार तुमी घ्या. पाचशेले. दिवायीच्या मागं-पुढं फय उतरते." मी म्हटलं, मला संत्र्यातलं काय समजतं? "समजून घ्या. सारा बगीचा फिरून पाहा. आमच्या धंद्यात असं हाय, डोये तुमचे अन् झाडं आमचे. मागून कोनी कोनाले बोलायचं नाई."

मी फिरून पाहिला. काय पाहिलं म्हणाल तर हिरवं पाहिलं. पहिल्या झाडाच्या बुडाशी शालिकरामनं नारळ फोडला, मी पाचशे मोजून दिले, तिनं मला कुंकू लावलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी कचेरीत खरेदीखत झालं. जानराव मला म्हणाले, "मास्तर, बरं केलं तुमी." विहीर यांची झाली. जिनवाल्यानं दुसरीकडे खोदकाम काढलं. पाडव्याच्या दिवशी शालिकरामनं मोटेच्या बैलांना पुरणपोळी चारली, असं मागून कळलं.

आता माझं सांगतो. मी तिकडे गेलो होतो पाचशे रुपये फुकट द्यायला. शपथेवर सांगतो, परत मिळावेत असा विचार मनात नव्हता. पण नारळ फुटला आणि परत येताना रस्त्यात माझं डोकं चालायला लागलं. एकशे ऐंशी झाडं. झाडाला दीडशे फळं धरली तरी सत्तावीस हजार. शेकडा चार रुपये. हजाराच्या वर जातं हे. घरी आलो ते नवी वही काढूनच. दर रविवारी बगीच्यात जायचो, पाच झाडं निवडून फळं मोजायचो, आलेख काढायचो. राघू बसतात म्हणून गोफण घेतली. शालिकरामला आळ्याबद्दल सूचना द्यायला लागलो, तो बिचारा मान हलवायचा. दिलेले पैसे चार दिवसांत पुन्हा माझे झाले होते.

चैत्र उतरता ऊन तापलं, आणि एका रविवारी गेलो तर झाडांखाली जमीन हिरवी झाली होती. सुपारीएवढी झालेली फळं गळून पडली होती. हात लावला तर आणखी चार पडत होती. दुसऱ्या रविवारी पाहिलं तर डहाळ्या मोकळ्या. माझी पाच निवडलेली झाडं, त्यातल्या दोन झाडांवर एकही फळ नाही. मी मनकर्णाबाईला हाक मारली. ती पाटात पाणी वळवत होती, स्वतःच्या विहिरीचं.

"हे काय झालं?"

"गय," ती म्हणाली. गळ. "फूल लागाच्या आधी आमी झाडायचं पानी तोडतो. तान देतो. मंग बराबर दिवशी पानी सोडा लागते. एकजन मोट हाकते, एकजन पानी वयवते. औंदा माघात मी बाजारात बसून होती तार पाहत. हे एकटे. आठ दिवस उशीर झाला. फूल तं आलं, पन दम नोता त्याच्यात. असा बहार उन्हात टिकत नाई."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे मी घेतला त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही?"

ती पाटातून बाहेर आली, पदराला हात पुसले. राग नव्हता तिच्या तोंडावर, मला तो बरा वाटला असता. "तुमाले वलन ठावूक होतं ना, मास्तर? मी इचारलं होतं तुमाले. तुमी हूं म्हनले."

मी खाली पाहिलं. पायाजवळ गळलेली फळं होती.

"तुमी वलनाचं सांगतलं नाई, मी गयीचं सांगतलं नाई," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "पन एक सवाल हाय. जुडी उद्या देईन. त्या दिवशी तुमी हे पैसे मले द्याले आलते, का कमवाले?"

शालिकराम पलीकडून "पानी फुटलं" म्हणून ओरडला, आणि ती तिकडे गेली. मी गोफण तिथंच बाजेवर ठेवली आणि घरी आलो.

दिवाळीनंतर सतरा टोपल्या फळ उतरलं. बडनेऱ्याला गाडीवर चढवून, भाडं जाऊन माझ्या हाती चौऱ्याऐंशी रुपये आले. ती झाडं आजही उभी आहेत. शालिकराम गेला, पण त्यांची सून माणिकबाई बगीचा पाहते, आणि बहार कधी फुलावर विकत नाही. मनकर्णाबाईनं सट्ट्याचा सौदा पुन्हा केला नाही. मी पुढं सात वर्षं पेढीवर होतो, तीही खाली बसत होती, आणि सांबाराची जुडी माझ्या पिशवीत त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी पडली ती रोज पडत राहिली. तो सवाल तिनं पुन्हा विचारला नाही, आणि त्याचं देणं माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.